वाचक विचारतात : संकटातला वायरलेस आणि त्याच्या फ्रिक्वेन्सी

पोलीस, अग्निशमन दल, आपत्ती व्यवस्थापन आणि मच्छीमार यांच्या वायरलेसबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मोठ्या पुरात मोबाइल मुके होतात, पण पोलिसांचा वायरलेस बोलत राहतो असे ऐकतो. त्यांची फ्रिक्वेन्सी वेगळी असते म्हणून का? आणि ती त्यांना देते कोण? (एक वाचक, चिपळूण)

वेगळी फ्रिक्वेन्सी हे कारण आहेच, पण धाकटे. थोरले कारण जोडणीत आहे. मोबाइलचा टॉवर एकटा काही करू शकत नाही. त्याला मागे फायबर लागते, फायबरच्या टोकाला एक्स्चेंज लागते आणि टॉवरच्या पायथ्याशी वीज लागते. ओढ्यावरचा पूल वाहून गेला की त्याला बांधलेली फायबरही जाते. टॉवर उभा असतो, पण फोनला रेंज नसते किंवा रेंज दिसून फोन लागत नाही. पोलिसांचा रिपीटर डोंगरावरच्या खोलीतला एक संच असतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने बोलतो. त्याला फायबर नको, एक्स्चेंज नको. बॅटरी असेपर्यंत तो चालतो.

उंचीचा हिशेबही सोपा आहे. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचींची वर्गमुळे काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर साधारण किलोमीटरमध्ये येते. ३० मीटरचा टॉवर आणि छातीशी धरलेला, म्हणजे दीड मीटरवरचा हँडसेट : सुमारे २७ किलोमीटर. भोवतालच्या मुलखापेक्षा ६०० मीटर उंच डोंगर आणि तोच हँडसेट : १०० किलोमीटरच्या पुढे. मधे दुसरा डोंगर आडवा आला की हा हिशेब कोसळतो आणि कोकणात तो येतोच. म्हणून एका जिल्ह्याला एक रिपीटर पुरत नाही.

आता कोण देते ते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ कोणता पट्टा कोणत्या कामाला हे जागतिक पातळीवर ठरवतो. त्यावरून भारताचा राष्ट्रीय वारंवारता वाटप आराखडा होतो. प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी नेमून देते ती दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा. अँटेनाच्या जागेची आणि उंचीची मंजुरी वेगळी असते, तिला 'सॅक्फा' म्हणतात. राज्याराज्यांच्या पोलीस वायरलेसचा मेळ घालायला गृह मंत्रालयाखाली १९४६ पासून पोलीस वायरलेस समन्वय संचालनालय आहे आणि महाराष्ट्रात पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग. मोबाइल कंपन्या लिलावात फ्रिक्वेन्सी घेतात. आपत्ती व्यवस्थापन आणि राष्ट्रीय सुरक्षा या कामांना ती लिलावाविना द्यायची तरतूद २०२३ च्या दूरसंचार कायद्यातच आहे.

प्रश्न : आमच्याकडे आणि पोलिसांकडे, दोघांकडेही व्हीएचएफ वॉकीटॉकी आहेत. आगीच्या ठिकाणी शेजारी उभे असतो, तरी एकमेकांशी बोलता येत नाही. नवे संच घ्यावेत का? (नगरपरिषद अग्निशमन केंद्रातून, सातारा जिल्हा)

आधी पैसे खर्चू नका. दोन संच एकमेकांचे ऐकत नाहीत तेव्हा पाच गोष्टी याच क्रमाने तपासायच्या.

पहिली, फ्रिक्वेन्सी एकच आहे का. दुसरी, चॅनेलची रुंदी. एक संच २५ किलोहर्ट्झवर आणि दुसरा साडेबारावर असेल, तर रुंद संचावरून मोठ्याने बोललेले अरुंद संचात फाटून, तुटून येते. उलट दिशेने आवाज बारीक येतो. लोक म्हणतात 'बॅटरी उतरली', ती उतरलेली नसते. तिसरी, टोन. बोलण्याखाली ६७ ते २५४.१ हर्ट्झमधला एक ऐकू न येणारा सूर संच सोडत असतो. समोरच्या संचाला तो सूर हवा असेल आणि तुम्ही सोडत नसाल, तर त्याचा दिवा लागतो पण स्पीकर उघडत नाही. जुळत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत सर्वांत स्वस्तात सुटणारी हीच. चौथी, एक ॲनालॉग आणि दुसरा डिजिटल. डिजिटलमध्येही डीएमआर आणि टेट्रा या दोन पद्धती परस्परांना परक्या. पाचवी, कूटबद्धीकरण. किल्ली वेगळी असेल तर एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे दोन संचही एकमेकांना मुके.

यातले काहीच अडत नसेल, तर अडतो तो परवाना. नेमून दिलेली फ्रिक्वेन्सी त्या खात्याची असते, संचांची संख्या आणि जागा त्यात धरलेली असते. पोलिसांची फ्रिक्वेन्सी आपणच आपल्या संचात भरून घेणे हा उपाय नव्हे, गुन्हा आहे. रीतसर मार्ग म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकीत विषय लावून सगळ्या दलांसाठी एक सामायिक फ्रिक्वेन्सी मागायची आणि दोन्ही खात्यांची लेखी संमती जोडायची. अमेरिकेत अशा सामायिक वाहिन्या देशभर ठरलेल्या आहेत. तिथली व्हीएचएफवरची बोलावण्याची वाहिनी १५५.७५२५ मेगाहर्ट्झ आहे आणि टोन सगळीकडे १५६.७ हर्ट्झ. कुठल्याही राज्यातून आलेला बंब त्यावर हाक मारू शकतो.

फ्रिक्वेन्सी मिळाली की संच असे भरा. सामायिक वाहिनी रिपीटरविना, थेट संचाहून संचाकडे ठेवा. घटनास्थळी तीच उपयोगाची, कारण तळघरातून डोंगरावरचा रिपीटर दिसत नाही, पण दारात उभा असलेला सहकारी ऐकतो. सगळ्यांची रुंदी १२.५ किलोहर्ट्झ. पाठवताना टोन चालू, ऐकताना टोन बंद. असे केले की टोन भरायचे विसरलेल्या माणसाची हाकही कानावर पडते. वाहिनी प्रत्येक संचात एकाच जागी हवी. बटण शेवटपर्यंत फिरवले की ती लागली पाहिजे, म्हणजे धुरात हातमोजा घातलेल्या माणसाला पडद्यावरचे अक्षर वाचावे लागत नाही. पोलिसांचे सांकेतिक आकडे या वाहिनीवर वर्ज्य. साधे मराठी बोला आणि आधी समोरच्याचे नाव, मग आपले.

काही ठिकाणी दोन वेगळ्या जाळ्यांना गेटवे लावून जोडतात. एका संचाचा आवाज तारेने दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो. अडचणीला हे चालते, पण एका बोलण्याला दोन वाहिन्या अडतात, पहिला शब्द अर्धा कापला जातो आणि आवाजाची पातळी चुकली तर दोन्ही बाजू एकमेकांना चालू करत गोल गोल फिरत राहतात. माणूस शेजारी बसवूनच गेटवे चालवावा.

आणि सराव. न्यूयॉर्कला ११ सप्टेंबर २००१ रोजी फ्रिक्वेन्सी होती, संच होते, उंच इमारतीत ऐकू यावे म्हणून खास बसवलेला रिपीटरही होता. तिथल्या चौकशी आयोगाच्या अहवालात पुढचे नोंदले आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यातल्या पॅनेलवर रिपीटर सुरू करायचे एक बटण ८ वाजून ५४ मिनिटांनी दाबले गेले. त्यामुळे हँडसेट रिपीटरमधून बोलू शकत होते. पण टेबलावरच्या मुख्य हँडसेटसाठी दुसरे बटण होते, ते कुणी दाबलेच नाही. ९ वाजून ५ मिनिटांनी अधिकाऱ्यांनी त्या मुख्य हँडसेटवरून चाचणी घेतली, उत्तर आले नाही आणि रिपीटर बंद आहे असे समजून त्यांनी त्या मनोऱ्यात ती वाहिनी सोडून दिली. शेजारच्या दक्षिण मनोऱ्यात तीच वाहिनी वापरून जवान ७८ व्या मजल्यापर्यंत बोलत होते. नवे संच घेण्यापूर्वी आपल्या पॅनेलवर बटणे किती आणि कुठले कशाचे, हे रात्रपाळीच्या माणसाला विचारून पाहा.

प्रश्न : डोंगरावरच्या रिपीटरला बॅटरी किती लागते? जास्त वॅटचा संच लावला तर लांब पोचेल का? (दोन वाचक, कोल्हापूर व सिंधुदुर्ग)

२५ वॅटचा रिपीटर बारा व्होल्टवर बोलताना साधारण ६ अँपिअर घेतो आणि नुसता ऐकताना अर्धा अँपिअर. एरवी तो दिवसभर गप्प असतो. आपत्तीत मात्र घड्याळाच्या तीस टक्के वेळ बोलतो असे धरा. सरासरी २.१५ अँपिअर झाली. २४ तासांना सुमारे ५२ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून १०० अँपिअर-तासाची एक बॅटरी म्हणजे एक दिवस. रस्ता खचल्यावर वर पोचायला तीन दिवस लागतील असे समजा, तर ३१० लागतात. बॅटरी जुनी होते हे धरून १०० च्या चार ठेवा. सोलरवर पावसाळ्यात विसंबू नका. डोंगर चार दिवस ढगात असतो तेव्हाच खाली पूर येतो.

वॅटबद्दल : ५ चे २५ केले की ७ डेसिबल वाढतात. ऐकायला खूप वाटते, पण केबलमध्ये ते सहज घालवता येतात. टॉवरवर ३० मीटर बारीक आरजी-५८ केबल ओढली तर १६० मेगाहर्ट्झला सुमारे ६ डेसिबल वाटेतच मरतात, म्हणजे २५ वॅटचे अँटेनाला पोचतात जेमतेम सहा. तेवढीच घट ऐकण्यातही होते, जी कुठलाही वॅट भरून काढत नाही. जाड अर्ध्या इंची फोम केबलमध्ये तीच घट एका डेसिबलच्या आत राहते. मोठ्याने बोलणारा पण बहिरा रिपीटर हा सर्वांत वाईट प्रकार. गावातल्या ५ वॅटच्या हँडसेटला तो लख्ख ऐकू येतो, त्याचे मात्र वर कुणी ऐकत नाही, आणि तो बापडा पुन्हा पुन्हा बटण दाबत बॅटरी संपवतो.

डोंगरमाथ्यावर शेजारी आणखी कुणाचे ट्रान्समीटर असतील तर एक गणित करून ठेवा. अ आणि ब या दोन फ्रिक्वेन्सी एकदम सुरू असताना 'दोनदा अ वजा ब' या जागी तिसरी भुतासारखी उभी राहते. १६०.० आणि १६०.५ मधून १५९.५ निघते. तुमचा रिपीटर तिथेच ऐकत असेल तर तो बिनकामाचा उघडत राहील. टॉवरचे गंजलेले बोल्टसुद्धा हे मिश्रण करतात. पावसाळ्यानंतर खरखर वाढली तर संच उघडण्याआधी पाना घेऊन वर चढा.

रिपीटर बंद पडला तर काय, हेही हँडसेटमध्ये आधीच भरलेले हवे. रिपीटरच्या बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीवरच थेट बोलायची दुसरी वाहिनी त्याच्याच शेजारच्या नंबरावर ठेवा. ती वापरायची परवानगी परवान्यात आहे का, ते पाहून घ्या.

प्रश्न : इथे पोलीस आणि बंबवाल्यांना 'फर्स्टनेट'चे स्वतंत्र ४जी जाळे आहे. भारतात तेच का उचलत नाहीत? (एक वाचक, न्यू जर्सी)

तेच उचलता येणार नाही. २०१२ च्या कायद्याने अमेरिकेने ७५८–७६८ आणि ७८८–७९८ मेगाहर्ट्झ असा २० मेगाहर्ट्झचा पट्टा राखला. २०१७ मध्ये एटी अँड टीला २५ वर्षांचे काम दिले. सुरक्षा दलांना गरज नसेल तेव्हा कंपनीचे सामान्य ग्राहक तो वापरतात आणि गरज पडली की बाजूला सारले जातात. भारताने ७०० चा पट्टा आशिया-पॅसिफिक मांडणीने कापला आहे. त्यात ७५८ ते ८०३ हा सगळा भाग टॉवरने बोलायचा. अमेरिकन हँडसेट ७८८–७९८ वर बोलतो, म्हणजे आपल्या टॉवरांच्या तोंडावरच बोलेल. दक्षिण कोरियाने हीच आशियाई मांडणी ठेवून त्यातून ७१८–७२८ आणि ७७३–७८३ हा तुकडा सुरक्षा दलांना कापून दिला. तिथे या कामाला २०१४ च्या सेवोल बोट दुर्घटनेनंतर वेग आला.

भारतात दूरसंचार नियामक 'ट्राय'ने जून २०१८ मध्ये शिफारस केली ती ८१४–८२४ आणि ८५९–८६९ मेगाहर्ट्झची. हा पट्टा ४जीच्या (एलटीई) जागतिक बँड २६ मध्ये बसतो, त्यामुळे त्याचे फोन आणि चिप वेगळे बनवून घ्यावे लागत नाहीत. निवड शहाणपणाची आहे. पण शिफारस म्हणजे वाटप नव्हे. रेल्वेला मात्र जून २०२१ मध्ये ७०० च्या पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ मंजूर झाले, स्थानकांतल्या आणि गाड्यांतल्या सुरक्षेसाठी.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतंत्र पट्टा न ठेवता कंपन्यांच्या जाळ्यात दलांना अग्रहक्क देणे. २०२३ च्या कायद्यातले कलम २० आणीबाणीत मदतकार्यातल्या लोकांचे संदेश आधी पोचवण्याची तरतूद करते. गर्दीने जाळे तुंबले असेल तर याचा उपयोग होतो. फायबर तुटून टॉवरच मेला असेल तर अग्रहक्क कशावर गाजवणार? म्हणून आमचे मत असे : ब्रॉडबँड यावे, घटनास्थळाचे चित्र, नकाशे, ड्रोन त्यावर चालावेत, पण आवाजाचा जुना अरुंद पट्टा मोडीत काढू नये. तुमच्याच शेजारी याचे उदाहरण आहे. न्यूयॉर्क आणि उत्तर न्यू जर्सीतली दले ४७०–५१२ मेगाहर्ट्झवर बोलतात. फर्स्टनेटच्याच कायद्याने तो पट्टा रिकामा करून विकायचे ठरले होते. दलांनी जायचे कुठे याचे उत्तर सापडले नाही आणि डिसेंबर २०२० मध्ये संसदेने ते कलम रद्द केले.

प्रश्न : मंडळाच्या स्वयंसेवकांसाठी ऑनलाइन वॉकीटॉकी घेतल्या तर चालतील का? आणि हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना काढला तर पुरात पोलिसांच्या वाहिनीवर बोलता येईल का? (गणेशोत्सव मंडळ, पुणे, विद्यार्थी, नाशिक)

मंडळासाठी : परवान्याविना चालणारा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढाच. पेटीवर ही फ्रिक्वेन्सी आणि डब्ल्यूपीसीची ईटीए (उपकरणाच्या प्रकाराची) मान्यता लिहिलेली नसेल तर घेऊ नका. '१३६ ते १७४' असे अभिमानाने छापलेले स्वस्त संच पोलीस आणि अग्निशमनाच्या पट्ट्यात सहज घुसतात. ढोलताशांत खिशातले बटण दाबले गेले आणि ते तसेच राहिले, की एका परिसराची वाहिनी बंद. अशा विक्रीला आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ४४६ च्या संचाची ताकद कमी असते. पेठेच्या गल्ल्यांत पाच-सातशे मीटर धरून चाला.

विद्यार्थ्यासाठी : नाही. हॅमने हॅमच्याच पट्ट्यात बोलायचे, म्हणजे १४४–१४६, ४३४–४३८ आणि लघुलहरींवर. वय १२ पूर्ण हवे आणि परीक्षा द्यावी लागते. उपयोग मात्र खरा आहे. १९९३ च्या लातूर भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हॅमनी निरोप पोचवले, तेही आपल्याच पट्ट्यांतून. तयारी करायची तर ७.१ मेगाहर्ट्झची तारेची अँटेना बांधायला शिका. दोन्ही बाजूंना १० मीटर ३० सेंटिमीटर तार कापा, मग मीटर बघत टोके थोडी थोडी छाटा. ती उंच टांगायचा मोह टाळा. तीन ते पाच मीटरवर ठेवली की लहर सरळ वर जाऊन परत उतरते आणि डोंगर आडवे असले तरी तीनेकशे किलोमीटरचा परिसर दिवसा भरून निघतो. रात्री ३.५ मेगाहर्ट्झवर जावे लागते, त्याची तार दुप्पट. आपत्तीत हाक कुठे ऐकायची हेही ठरलेले आहे : आपल्या विभागासाठी ७.११० मेगाहर्ट्झ.

प्रश्न : बोटीवरचा व्हीएचएफ चॅनेल १६ वर ठेवतो. किनारा लांब गेला की कुणी उत्तर देत नाही. लाल बटण दाबले तर नक्की कुणाला कळते? (मच्छीमार, मालवण, असाच प्रश्न वास्कोहून)

१६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर संकटासाठी राखलेली. तुमची अँटेना पाण्यापासून चार मीटरवर आणि दुसऱ्या बोटीचीही तेवढीच असेल, तर गाठ पडते १६ किलोमीटरपर्यंत. किनाऱ्यावर १०० मीटर उंचीवर अँटेना असेल तर ५० च्या आसपास. त्यापलीकडे संच २५ वॅटचा असला तरी फरक नाही, कारण पृथ्वीची गोलाई आडवी येते. अँटेना डोलकाठीच्या टोकाला न्या, ती केबिनच्या छपरावर नको.

लाल बटण झाकण उघडून सुमारे पाच सेकंद दाबून धरायचे. मग संच चॅनेल ७० वर, १५६.५२५ मेगाहर्ट्झवर, अंकी हाक सोडतो आणि टप्प्यातल्या, अशी अंकी हाक ऐकणारा (डीएससी) संच असलेल्या सगळ्या जहाजांवर आणि किनाऱ्यावर भोंगा वाजतो. पण संचात एमएमएसआय, म्हणजे बोटीचा नऊ आकडी ओळख क्रमांक, भरलेला नसेल तर बटण काहीच करत नाही, आणि जीपीएसची तार जोडलेली नसेल तर हाकेबरोबर जागा जात नाही. दोन्ही गोष्टी बंदरातच मेनू उघडून पाहा. ७० वर तोंडाने कधी बोलू नये. बटणानंतर १६ वर, पूर्ण ताकदीने : तीनदा 'मेडे', तीनदा बोटीचे नाव, अक्षांश-रेखांश, काय झाले, माणसे किती. मग बटण सोडा आणि ऐका. घाबरलेला माणूस बटण दाबूनच धरतो आणि येणारे उत्तर स्वतःच अडवतो.

वर्षभरात बिघडतो तो बहुतेक अँटेनाचा जोड. खारी हवा आत शिरली की पितळ हिरवे पडते. ऐकणे चालू राहते पण बोलणे पोचत नाही, म्हणून दोष लक्षात येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला जोड कापून नवा लावा आणि आपोआप चिकटणाऱ्या रबरी टेपने खालून वर गुंडाळा. व्हीएचएफच्या पलीकडे जायचे असेल तर उपग्रहाचा संचच हवा, ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन (उपग्रहाला संकटाची हाक देणारा संच) किंवा इस्रोने मच्छीमारांसाठी बनवलेला 'डॅट'. जुना १२१.५ मेगाहर्ट्झचाच बीकन कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती फ्रिक्वेन्सी ऐकत नाहीत. मोबाइलला रेंज असेल तेव्हा तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.